मूल उशिरा बोलतंय? टाळी वाजवून निकाल लावू नका

इंदूरच्या मराठी घरांत मूल दोन वर्षांचं होऊनही बोलत नसलं, की एक उत्तर तयार असतं. घरी मराठी, खाली खेळायला गेलं की हिंदी, त्यात शाळेच्या तयारीचं इंग्रजी, बिचारं गोंधळलंय. त्यावर आजी म्हणतात, "अगं, याचे बाबासुद्धा तीन वर्षांचे होईपर्यंत बोलले नव्हते." हे मायेपोटीच म्हटलेलं असतं, पण त्यात मुलाचे मोलाचे महिने हातचे जातात.

दोन भाषा कानावर पडणारं मूलही वर्षाच्या आसपास पहिला शब्द बोलतं आणि दोन वर्षांपर्यंत "बाबा ये", "दूध दो" असे दोन शब्द जोडायला लागतं. शब्द मराठी असो की हिंदी, दोन्ही मोजायचे. तेवढंही होत नसेल तर घरातलं मराठी बंद करू नका, आधी कान तपासून घ्या.

घरची परीक्षा फसवी असते

पाठीमागून टाळी वाजवली, स्टीलचं ताट आपटलं, मूल वळलं, झालं समाधान! पण मूल हाताची सावली बघून वळतं, हवेच्या झोताने वळतं, समोर बसलेल्या आईची नजर कुठे गेली ते पाहूनही वळतं. रंगपंचमीला राजवाड्याच्या गेरमध्ये, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीत, ढोलाने दचकलं, म्हणजे ऐकू येतं असंही नाही. तो दणका छातीत आणि पायाखाली जाणवतो. शिवाय पुष्कळ मुलांना जाड आवाज ऐकू येतात, पण स, श, फ यांसारखे बारीक ध्वनी निसटतात. असं मूल हाकेला ओ देतं, शब्द मात्र त्याला अर्धेच ऐकू येतात. मग ते हट्टी ठरतं, नाहीतर "लक्षच देत नाही" म्हणून ओरडा खातं. मला याचं सगळ्यात वाईट वाटतं.

"रेफर" लिहिलेला कागद

जन्मल्यावर कानात छोटी नळी ठेवून ऐकण्याची ओएई तपासणी करतात. काही मिनिटांचं काम, दुखत काहीच नाही. अहवालात "रेफर", म्हणजे पुन्हा तपासा, असं आलं म्हणजे बाळ बहिरं आहे असं नव्हे. पहिल्या एक-दोन दिवसांत कानात पातळ द्रव असला तरी तसं येतं. पण फेरतपासणीची तारीख चुकवू नका. बारशाच्या धावपळीत तो कागद फाइलमध्ये जातो आणि तिथेच राहतो. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू, हे वेळापत्रक जगभर मानतात.

बाळ एनआयसीयूमध्ये (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) राहिलं असेल, कावीळ फार वाढली असेल किंवा मेंदूज्वर झाला असेल, तर ओएई "पास" असली तरी डॉक्टरांना बेरा चाचणीबद्दल विचारा. आवाज कानातून मेंदूपर्यंत पोहोचतो का, हे बेरा पाहते आणि ती झोपेत करतात. कपाळावर आणि कानामागे इलेक्ट्रोड चिकटवायचे असतात, म्हणून आदल्या दिवशी डोकं धुवा आणि तेल लावू नका. रिक्षात बाळाला झोपू देऊ नका. तिथे पोहोचल्यावर दूध पाजून झोपवा. मूल जागं राहिलं की चाचणी अर्धवट राहते, आणि बरेच जण परत जातच नाहीत.

कानात कोमट तेल ओतणं आणि काडी घालणं थांबवा. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलाच्या पडद्यामागे पाणी साठतं; टीव्ही मोठा करणं, सारखं "काय?" विचारणं ही त्याची लक्षणं. त्यावर उपचार आहेत.

मशीन कपाटात नको

"लोक काय म्हणतील" म्हणून श्रवणयंत्र फक्त घरात लावणं ही मोठी चूक. मूल जागं असेल तोवर ते कानावर हवं. आंघोळीला आणि झोपताना काढायचं. यंत्र शिट्टी मारू लागलं तर बिघडलंच असं समजू नका. बहुधा कान वाढलेला असतो आणि यंत्राचा कानात बसणारा साचा सैल झालेला असतो. लहान मुलांचा साचा काही महिन्यांनी बदलावाच लागतो.

खर्चाची भीती वाटत असेल तर इंदूरच्या सरकारी एम. वाय. हॉस्पिटलच्या नाक-कान-घसा विभागात दाखवा. 2013 पासूनच्या सरकारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे आणि तो 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. अंगणवाडीत चौकशी केली तर तपासणी पथक कधी येणार ते कळेल.