काशाच्या वाटीने तळपाय कसे घासायचे (आणि ते काळं काय निघतं)

आधी वाटी नीट बघून घ्या. कासं म्हणजे तांबं आणि कथील, साधारण ७८ टक्के तांबं नि २२ टक्के कथील, आणि पितळेत कथलाऐवजी जस्त असतं, पण दोन्ही पिवळट दिसतात त्यामुळे नुसतं बघून कळत नाही. वाटी बोटांच्या टोकावर सैल धरून टिचकी मारा, काशाचा आवाज बराच वेळ घुमत राहतो. वाटीचा तळ गोल आणि गुळगुळीत पाहिजे, खाली कडा असेल तर टोचते.

पाय कोमट पाण्याने धुवा, पुसा, खाली जुना टॉवेल टाका कारण डाग पडतात. तिळाचं तेल, खोबरेल किंवा साजूक तूप, घरात असेल ते चालतं, एका पायाला छोटा चमचाभर बास. आधी हातानेच चोळून घ्या.

मग वाटी तळहातात धरायची, गोल बाजू पायाकडे, आणि टाचेपासून बोटांकडे छोटे छोटे गोल फिरवत जायचं. टाचेला जोर जरा जास्त चालतो, मधल्या खोलगट भागात मात्र हलक्या हाताने, तिथे लोक उगाच दाबतात आणि मग दुसऱ्या दिवशी पाय ठणकतो. वाटी अडकायला लागली की जोर नाही, तेल वाढवा. एका पायाला दहा मिनिटं पुष्कळ झाली.

थोड्या वेळाने तळवा काळा-करडा होतो, आणि लगेच कोणीतरी म्हणतंच की बघ, शरीरातली उष्णता नाहीतर विषारी द्रव्यं बाहेर आली! तसं काही नाहीये. तेलातली आम्लं आणि घाम यांची तांब्याशी प्रक्रिया होते, त्यात घासल्यामुळे धातूचे बारीक कण सुटतात, त्याचा तो रंग. किती काळं झालं यावरून तब्येत मोजू नका. घासल्यावर पाय हलके वाटतात, झोपेआधी बरं वाटतं, ते मसाजमुळे, आणि तेवढ्यासाठी करायला काहीच हरकत नाही.

जखम, सूज, ताजा मुरगळा असेल तर नको. डायबेटीसमुळे तळव्याची संवेदना कमी झाली असेल, पायात रक्ताची गाठ झाली असेल किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको. एकच पोटरी अचानक सुजून दुखायला लागली असेल तर मसाज राहू द्या, सरळ दवाखाना गाठा.

झालं की उठायच्या आधी साबणाच्या ओल्या फडक्याने पाय पुसून घ्या, तेलकट पायाने फरशीवर घसरायला वेळ लागत नाही. वाटी पण धुवून लगेच कोरडी करा, ओली ठेवली की डाग धरते.