बहिणींच्या हिश्श्याचा वाद: कायदा फुकटात कसा शोधावा

गणपतीला चाकरमानी घरी आले की आरत्या होतात आणि मग पडवीत जमिनीचा विषय निघतो. ‘तुमचे वडील 2003 ला वारले. बहिणींचा कायदा 2005 चा. आता त्यांचा हिस्सा कसला?’ असं एखादे काका ठासून सांगतात आणि सगळे गप्प बसतात. काका खरं बोलतात की ऐकीव, हे मोबाइलवर एक पैसा न घालता तपासता येतं. देवगडकडच्या एका सामाईक आंबाबागेचं असं उदाहरण धरून बघू.

पहिल्यांदा कायदा शोधायचा नाही, कागद शोधायचा. महाभूलेखच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव आणि गट नंबर टाकला की सातबारा फुकट दिसतो. तो नुसता माहितीसाठी. कुठे जोडायचा असेल तर डिजिटल सहीचा उतारा 15 रुपयांत मिळतो. सातबाऱ्यावर फेरफारांचे नंबर असतात, ते उतरवून घ्या. वडिलांनंतरची वारसनोंद कोणत्या फेरफाराने झाली, त्यात बहिणींची नावं होती की नाही, हे त्यातच कळतं. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणजे हक्क नाही, हा आपल्याकडचा जुना गैरसमज आहे. फेरफार ही महसुलाची नोंद. मालकी तिने जन्माला येत नाही आणि मरतही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितलंय.

मग प्रश्न एका ओळीत लिहा: ‘वडील 2003 ला वारले, वाटप झालेलं नाही, जमीन वडिलोपार्जित; मुलीला हिस्सा आहे का?’ यातले तीनही तपशील महत्त्वाचे. जमीन वडिलांनी स्वतः कमावलेली असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर मुलगी 1956 पासूनच पहिल्या वर्गातली, म्हणजे मुलाच्या बरोबरीची वारस आहे आणि काकांचा 2005 चा मुद्दा तिथेच निकालात निघतो.

शोध बहुतेक इंग्रजीतच करावा लागतो, म्हणून शब्दांची जोडी जुळवून घ्या. फेरफार म्हणजे म्युटेशन एन्ट्री, वाटप म्हणजे पार्टिशन, कूळ म्हणजे टेनंट, वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतला जन्मसिद्ध हिस्सेदार म्हणजे कोपार्सनर. वहिवाट शब्द फसवा आहे. जमिनीची वहिवाट म्हणजे पझेशन, पण पाणंदीची किंवा वाटेची वहिवाट असेल तर ईझमेंट शोधावं लागतं. आणखी एक खोच: ‘मुंबई’ नावाचे बरेच जुने कायदे आता ‘महाराष्ट्र’ नावाने आहेत. 1948 चा कूळकायदा जुन्या निकालांत ‘बॉम्बे टेनन्सी’ म्हणून सापडतो, त्यामुळे दोन्ही नावांनी शोधा.

आता कायद्याचं मूळ कलम वाचायचं. इंडिया कोड या सरकारी संकेतस्थळावर केंद्राचे आणि राज्यांचे कायदे कलमवार मिळतात. महाराष्ट्राच्या विधी व न्याय विभागाच्या संकेतस्थळावर राज्याचे बरेच कायदे मराठीतही आहेत. हिंदू उत्तराधिकार अधिनियमाचं कलम 6 उघडा. मुलीला मुलासारखीच कोपार्सनर करणारी दुरुस्ती 9 सप्टेंबर 2005 पासून लागू, पण 20 डिसेंबर 2004 पूर्वी झालेल्या वाटपाला ती हात लावत नाही, हेही तिथेच लिहिलंय. मूळ कलम वाचायचा कंटाळा करू नका. मुदतीही तिथेच कळतात. उदाहरणार्थ, शेजाऱ्याने वाट अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 खाली तहसीलदाराकडे सहा महिन्यांच्या आत जावं लागतं. ‘पुढच्या मे महिन्यात गावी आलो की बघू’ म्हणणाऱ्यांची ही मुदत हमखास टळते.

निकालांसाठी इंडियन कानून ही 2008 पासूनची फुकट शोधयंत्रणा सर्वात सोयीची. हवा तो शब्दसमूह दुहेरी अवतरणचिन्हांत टाकला की नेमका तोच शोधला जातो. मात्र पहिला सापडलेला निकाल घेऊन भांडायला निघू नका. आपल्या प्रश्नावर 2015 चा प्रकाश विरुद्ध फुलवती हा निकाल मिळतो, आणि तो काकांच्या बाजूचा आहे: 2005 च्या त्या तारखेला वडील हयात हवेत. पण निकालाला पुढे कुणी उद्धृत केलं याची यादी तिथेच असते, ती उघडली की 11 ऑगस्ट 2020 चा विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा समोर येतो. तीन न्यायाधीशांच्या पीठाने आधीचा अर्थ चुकीचा ठरवला. मुलीचा हक्क जन्माने आहे, वडील त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही. काकांनी ऐकलेलं खोटं नव्हतं, शिळं होतं.

याच निकालात तोंडी वाटपाबद्दलचा भाग जरूर वाचा. ‘आमचं पंचांसमोर कधीच वाटलं गेलंय’ हे आपल्याकडचं नेहमीचं उत्तर. नोंदणीकृत दस्त किंवा न्यायालयाचा हुकूमनामा नसेल, तर असं वाटप न्यायालय सहजासहजी मानत नाही. सरकारी कागदांचा भक्कम आधार असेल तर अपवाद म्हणून मानू शकतं. म्हणून पहिल्या पायरीवर फेरफार उतरवून घ्यायला सांगितलं.

सापडलेला निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या ई-एससीआर या निकालांच्या संकेतस्थळावर पडताळून घ्या. तेही फुकट आहे. चॅटबॉटने सांगितलेला निकाल तर पडताळल्याशिवाय कुणापुढे बोलूच नका. अस्तित्वात नसलेली निकालांची नावंही तो आत्मविश्वासाने देतो.

दावा आधीच चालू असेल तर ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर दाव्याला मिळालेल्या 16 अंकाक्षरांच्या सीएनआर क्रमांकाने किंवा पक्षकाराच्या नावाने पुढची तारीख आणि झालेले आदेश दिसतात. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाची उच्च न्यायालयातली प्रकरणं ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहेत. रायगडकरांना मात्र मुंबईच.

एवढं झालं की सातबारा, फेरफार, कलम 6 आणि निकालातले उपयोगाचे परिच्छेद छापून वकिलाकडे जा. वकिलाची फी परवडत नसेल तर फुकट कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, किंवा 15100 वर फोन करा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट नाही, त्यामुळे अर्ज बहिणीच्या नावाने करा.