या चुका टाळा : इंग्लंडमध्ये शिकायला आल्यावरचे पहिले काही महिने

लीड्सच्या हेडिंग्ले भागातील लाल विटांच्या घरांमध्ये दर सप्टेंबरमध्ये विद्यार्थ्यांची नवी फळी राहायला येते. त्यांत महाराष्ट्रातून आलेली मुलेही असतात, आणि घर सोडायची वेळ आली की त्यांतील काही जण डिपॉझिट परत न मिळाल्याची तीच ती तक्रार घेऊन माझ्याकडे येतात. घरात शिरलात तेव्हाचे फोटो कुठे आहेत, असे विचारले की सगळे गप्प होतात.

मी स्वतः यातून गेले आहे. पहिल्या वर्षी एजंटने घरातील वस्तूंची आणि त्यांच्या अवस्थेची यादी, म्हणजे इन्व्हेंटरी, ईमेलने पाठवली आणि दुरुस्त्या कळवण्यासाठी सात दिवस दिले. प्रवासाने दमले होते, म्हणून मी ती न वाचताच सही करून टाकली. ‘कार्पेट स्वच्छ, उत्तम स्थितीत’ असे तिच्यात लिहिलेले होते; प्रत्यक्षात पलंगाखाली इस्त्रीने जळाल्याचा तळहाताएवढा डाग होता आणि तो मला दिसला थेट दिवाळीत, पाहुण्यांसाठी पलंग सरकवला तेव्हा. जूनमध्ये त्या डागापोटी १८५ पौंड कापले गेले. डिपॉझिट ज्या सरकारमान्य योजनेत जमा होते, तिच्याकडे मी तक्रार केली. तिथला निवाडा मोफत असतो आणि नुकसान भाडेकरूनेच केले हे सिद्ध करण्याची जबाबदारीही घरमालकावर असते. परंतु माझ्या सहीची इन्व्हेंटरी हाच त्याचा पुरावा ठरला. माझ्याकडे होता तो एक दिवाळीचा फोटो, ज्यात आम्ही पाच जणी चकल्या खात बसलो आहोत आणि मागे तो डाग स्पष्ट दिसतो आहे. घरात शिरल्यानंतर दोन महिन्यांनी काढलेल्या त्या फोटोने काहीच सिद्ध होत नव्हते. मी हरले, आणि खरे सांगायचे तर निवाडा योग्यच होता.

तेव्हापासून किल्ली हाती आली की बॅग उघडण्यापूर्वी मी गादी उलटून, ओव्हन उघडून, खिडक्यांच्या कडांपासून वीज-गॅसच्या मीटरच्या आकड्यांपर्यंत सगळ्याचे फोटो काढते आणि त्याच रात्री ते एजंटला ईमेलने पाठवते. ईमेलनेच, कारण व्हॉट्सअॅपवरचे फोटो फोन बदलताना हमखास हरवतात. मीटरचे आकडे कळवले नाहीत, तर आधीच्या भाडेकरूचे बिल आपल्या माथी येऊ शकते.

कायदा भाडेकरूच्या बाजूने बराच आहे, पण तो माहीत असावा लागतो. २०१९ च्या कायद्यानुसार विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या भाड्यांना पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त डिपॉझिट घेता येत नाही. शिवाय मिळालेले डिपॉझिट ३० दिवसांत मान्यताप्राप्त योजनेत सुरक्षित करावे लागते. तसे न केल्यास न्यायालय डिपॉझिटच्या एक ते तीन पट रक्कम भाडेकरूला देववू शकते. मात्र घरमालकाच्याच राहत्या घरात खोली घेतली, तर योजनेचे हे संरक्षण मिळत नाही. ओळखीच्या काकांकडे ‘घरच्यासारखे’ राहायला जाणाऱ्यांनी ही गोष्ट आधी ध्यानात घ्यावी, आणि काकांकडूनही पैशांची पोच लेखी घ्यावी. घर न पाहता पुण्यात बसून पैसे पाठवणाऱ्यांबद्दल मी बोलणेच सोडले आहे.

दुसरी चूक फोडणीची. वसतिगृहात बहुधा स्वयंपाकघरात उष्णता ओळखणारे यंत्र असते आणि बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये धूर ओळखणारे. त्यामुळे दार बंद असेल तर मोहरी तडतडूनही काही होत नाही. पण आपल्या मंडळींना आत कोंडल्यासारखे होते, म्हणून ते अग्निरोधक दार खुर्ची लावून उघडे ठेवतात. मग मिरचीचा धूर कॉरिडॉरमध्ये जातो आणि रात्री साडेअकराला सबंध इमारत चपला घालून रस्त्यावर उभी राहते. त्यातच विजेची शेगडी हळू तापते म्हणून घाईचे लोक ती थेट शेवटच्या आकड्यावर ठेवतात आणि तेल जाळतात. मी आधी पंखा लावते, खिडकी उघडते, शेगडी मधल्या आकड्यावर ठेवून पाच मिनिटे थांबते आणि झाकण हातात धरूनच हिंग टाकते. पाच मिनिटे थांबवत नसेल, त्याने पाव-बटाट्यावर वर्ष काढावे.

खिडक्या बंद ठेवून रेडिएटरवर कपडे वाळवणे हीदेखील घाईच; जानेवारीपर्यंत भिंतीवर काळी बुरशी येते आणि तिचा वाद पुन्हा डिपॉझिटपाशी येऊन थांबतो.

नोकरीच्या तासांबाबत मात्र हलगर्जीपणा व्हिसावर बेततो. पदवी किंवा पदव्युत्तर अभ्यासाच्या व्हिसावर सत्र चालू असताना साधारणपणे आठवड्याला २० तासच काम करता येते, आणि हा आठवडा सोमवार ते रविवार असा मोजला जातो. एका आठवड्यात १२ आणि पुढच्यात २८ तास करून ‘सरासरी २०’ म्हणणे हा नियमभंगच आहे. एक वर्षाच्या मास्टर्सच्या मुलांना जून ते सप्टेंबर सुट्टी वाटते. पण प्रबंध लिहिण्याचा तो काळ सत्रातच धरला जातो. अॅपवरून स्वतंत्रपणे जेवण पोहोचवणे हा स्वयंरोजगार आहे आणि विद्यार्थी व्हिसावर तो चालत नाही, मग सीनियर काहीही सांगोत.

घरातील सर्वजण पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर काउन्सिल टॅक्स, म्हणजे स्थानिक पालिकेचा घरावरचा कर, माफ असतो, पण खासगी घरात त्यासाठी विद्यापीठाचे प्रमाणपत्र काउन्सिलला द्यावे लागते. कराची नोटीस फ्रीजवर चिकटवून ठेवल्याने ती रद्द होत नाही. टीव्ही वाहिनीवर थेट सामना पाहायचा, तर लॅपटॉपवरसुद्धा टीव्ही लायसन्स, म्हणजे पैसे भरून घ्यायचा परवाना, लागते. आणि व्हिसाच्या वेळीच वर्षाला ७७६ पौंड सरकारी आरोग्यसेवेचा अधिभार भरलेला असताना, जवळच्या जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवायला ताप चढण्याची वाट पाहू नये. नोंदणी मोफत असते आणि बहुतेक ठिकाणी ती ऑनलाइन करता येते.