ट्रिगर हलका केला आणि काडतूस फुटेना

नेमबाज राही सरनोबतच्या गावात, म्हणजे कोल्हापुरात, 25 मीटर पिस्तूल मारायला घेतलं की चहाच्या गाड्यावरसुद्धा कोच भेटतात. मी एअर पिस्तूलवरून .22 च्या स्पोर्ट्स पिस्तुलावर आले तेव्हा पहिले सहा महिने एकच वाक्य ऐकलं, "तुझा ट्रिगर लई जड आहे." जड वाटणारच. एअर पिस्तूलला ट्रिगरचं किमान वजन 500 ग्रॅम, इथं 1000. बोटाला सवय निम्म्या वजनाची. पण नवशिक्याला हे कोण सांगणार! मला वाटलं पिस्तुलातच खोट आहे.

पिस्तूल सेकंडहँड होतं. ट्रिगर तेव्हा 1180 ग्रॅमला सुटायचा आणि सुटताना थोडा घासायचा. आमच्यातल्या एका दादांनी खोलून मेन स्प्रिंगचा (काडतूस फोडणाऱ्या घोड्याला ताकद देणारी स्प्रिंग) एक वेढा कापला. दहा मिनिटांचं काम. वजन 1010 वर आलं आणि ट्रिगर असा सुटायला लागला की मी त्या दिवशी घरी पेढे नेले. मे महिना होता. दोन-तीनशे राउंड मारले, एकही अडला नाही.

डिसेंबरात स्पर्धा. सकाळची थंडी, रॅपिडचा टप्पा: टार्गेट 7 सेकंद बंद, 3 सेकंद उघडं, तेवढ्यात हात वर आणून एक गोळी. दुसऱ्या सिरीजला (पाच गोळ्यांची एक) चौथ्या गोळीवर नुसतंच "टक". हात वर केला, पिस्तूल टार्गेटकडेच ठेवलं, रेंज ऑफिसरनी पाहिलं, मालफंक्शन, म्हणजे पिस्तुलाचा बिघाड, मान्य झालं. पुढे पुन्हा "टक". या वेळी मी घाबरून स्लाइड (पिस्तुलाचा मागे-पुढे सरकणारा भाग) ओढली. रेंज ऑफिसर येण्याआधी स्लाइडला हात लावला की विषय संपला, मालफंक्शन अमान्य. न सुटलेल्या गोळ्या शून्य.

त्या दोन काडतुसांचे मी मोबाइलवर जवळून फोटो काढले. (न फुटलेलं काडतूस खिशात घालून घरी न्यायचं नाही. नळी टार्गेटकडे धरून किमान 30 सेकंद थांबायचं, मग काढून रेंजवर जमा करायचं. कधीकधी बार उशिरा उडतो.) फुटलेल्या काडतुसाच्या बुडाच्या कडेवर फायरिंग पिनची खूण खोल आणि चौकोनी होती, न फुटलेल्यांवर नखानं दाबल्यासारखी. आमच्या कोच सरांनी फोटो पाहिला आणि विचारलं, "स्प्रिंगला कोणी हात लावला?" दादांचं नाव मी आजतागायत सांगितलेलं नाही.

आता मला उशिरा कळलेलं सांगते. .22 च्या काडतुसात पेटणारा मसाला मध्यभागी नसतो, बुडाच्या कडेत आतून पसरलेला असतो. फायरिंग पिननं ती कड चेंबरच्या (काडतूस बसतं त्या खोबणीच्या) काठावर चेपली तरच तो पेटतो. चेपायची ताकद येते घोड्यातून आणि घोड्याला ती देते मेन स्प्रिंग. (घोडा म्हणजे हॅमर. गावाकडं ट्रिगरलाच घोडा म्हणतात, तो घोळ इथं नको.) हीच स्प्रिंग घोड्याला सिअरवर (घोडा अडवून धरणारा खटका) दाबून धरते आणि ट्रिगर ओढताना आपण तो सिअर घोड्याखालून सरकवत असतो. म्हणून मेन स्प्रिंग ढिली केली की घर्षण कमी होतं, ट्रिगर हलका लागतो. फुकटात मिळाल्यासारखं वाटतं, पण ते वजन काडतूस फोडायच्या ताकदीतून कापलेलं असतं. उन्हाळ्यात भागतं. थंडीत ग्रीस घट्ट होतं, काडतुसावरचं मेण चेंबरच्या काजळीत बसतं, काडतूस केसभर बाहेर राहतं आणि पिनचा अर्धा धक्का त्याला आत ढकलण्यातच जातो. शिल्लक काही ठेवलेलीच नसते.

वेढा कापल्यानं आणखी एक गंमत होते. स्प्रिंग आखूड होते, त्यामुळे मुळातला दाब घटतो, पण वेढे कमी झाल्यानं ती कडकही होते. म्हणजे नक्की काय उरलं ते कापणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

मग हलका करायचा कुठून? माझं मत स्पष्ट आहे: हलका करायचाच नाही, स्वच्छ करायचा. नियम 1000 च्या खाली जाऊ देत नाही, तेव्हा भांडण फार तर शे-दीडशे ग्रॅमचं. माझे 1180 गनस्मिथकडे नुसती साफसफाई आणि योग्य ठिकाणी थेंबभर तेल केल्यावर 1120 झाले. जुनं तेल आणि काजळी मिळून ट्रिगरच्या खाचेत अक्षरशः काळं लोणचं झालं होतं. नवी मेन स्प्रिंग कंपनीची, पूर्ण लांबीची बसवली. बाकी वजन ट्रिगरच्या स्वतःच्या स्क्रूंवर काढलं. टू-स्टेज ट्रिगरला पहिला आणि दुसरा टप्पा वेगवेगळा लावता येतो. मी पहिल्यात जास्त वजन ठेवलं आणि दुसऱ्यात थोडं. पहिला टप्पा संपून बोट दुसऱ्याच्या भिंतीला टेकतं तेव्हा बहुतेक भार आधीच उचललेला असतो. एकूण वजन तेवढंच, पण हाताला निम्मं वाटतं. ट्रिगरचं पातं दोन मिलिमीटर मागे घेतलं, त्याचा फायदा तर वजनापेक्षाही जास्त झाला. आधी मी बोटाच्या टोकानं ओढत होते.

सिअर आणि घोड्याची पकड किती, हा स्क्रू मात्र स्वतः फिरवू नका. पकड फार कमी झाली तर स्लाइड पुढे आदळताच घोडा आपोआप पडू शकतो, म्हणजे न ओढता गोळी. सिअर घासून "पॉलिश करून देतो" म्हणणाऱ्याला आधी परवाना विचारा. शस्त्र अधिनियम 1959 प्रमाणे दुरुस्तीच्या धंद्यालाही तो लागतो. घासलेला कोन परत येत नाही, नवा भाग बाहेरून मागवावा लागतो आणि सीझन जातो.

काहीही बदललं की माझी तपासणी ठरलेली. मॅगझिन बाहेर, चेंबर डोळ्यांनी आणि बोटानं रिकामं पाहायचं. स्लाइड वीस वेळा जोरात सोडायची, घोडा एकदाही पडता कामा नये. मग नळी उभी धरून 1000 ग्रॅमचं वजन ट्रिगरवर दहा वेळा, घोडा न पडता, उचलायचं. स्पर्धेत तीन संधी मिळतात आणि सामना संपल्यावरही चिठ्ठी टाकून तपासतात, तिथं नापास झालं की थेट बाद. म्हणून मी 1040 च्या खाली जात नाही. रेंजवर आधी मॅगझिनमध्ये एकच काडतूस, मग दोन, मग पाच. आणि किमान दोनशे राउंड, तेही स्पर्धेत वापरणार त्याच काडतुसाचे, जमलं तर गार सकाळी. रिकाम्या चेंबरवर ट्रिगर ओढत बसू नका, .22 ची पिन चेंबरच्या काठावर आपटून काठ खचतो आणि मिसफायरचं नवंच कारण तयार होतं. पिस्तुलात ड्राय प्रॅक्टिसची (काडतुसाशिवाय सरावाची) सोय असेल तर तीच वापरा.

इलेक्ट्रॉनिक ट्रिगर घेतला की कटकट मिटते, असंही कोणी सांगेल. टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरचं इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचं एअर पिस्तूल भर सामन्यात बिघडलं, दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली आणि फायनल दोन गुणांनी हुकली. कटकट तिथंही असते, फक्त वेगळी.

माझ्या वहीतली शेवटची नोंद: वजन 1045, नव्या स्प्रिंगवर 3,860 राउंड, मिसफायर दोन. त्यातलं एक काडतूस फिरवून पुन्हा मारल्यावर फुटलं. पिनची पहिली खूण खोल होती, म्हणजे कडेत तेवढ्या जागी मसालाच नसणार. दुसऱ्याची खूण उथळ. चेंबर साफ करून आठवडा झाला होता.