त्वचेखालचा पोर्ट सुई टोचण्यापूर्वी कसा शोधावा

पोर्ट म्हणजे वारंवार औषध देण्यासाठी त्वचेखाली बसवलेली, नळीने मोठ्या शिरेला जोडलेली छोटी डबी. पोर्टमध्ये सुई घालणे हे प्रशिक्षित परिचारिकेचे किंवा डॉक्टरांचे काम आहे, आणि टोचण्यापेक्षा अधिक कसब पोर्टची नेमकी जागा हाताने ओळखण्यात लागते. आधी रुग्णाचे पोर्ट कार्ड पाहावे. पोर्ट कोणत्या बाजूला आहे, एकपदरी (एका कप्प्याचा) आहे की दुपदरी (दोन कप्प्यांचा) आणि दाबाने औषध सोडण्यास योग्य आहे की नाही, हे त्यावरून समजते.

रुग्णाला उताणे किंवा थोडे टेकवून बसवून त्याची मान विरुद्ध बाजूला वळवावी. छातीवरचा व्रण पाहून जागा ठरवू नये, कारण चीर बहुधा पोर्टच्या कडेला घेतलेली असते. हात धुऊन बोटांच्या टोकांनी हळूहळू चाचपले, की प्रथम पोर्टची टणक कडा लागते. तिच्या आतल्या बाजूला किंचित दबणारा भाग म्हणजे सिलिकॉनचा पडदा, आणि सुई जायची ती त्यातच. दाबाने औषध सोडण्यास योग्य अशा काही पोर्टच्या पडद्यावर तीन बारीक उंचवटे हाताला लागतात. स्थूल रुग्णांमध्ये पोर्ट खोल असतो, तेव्हा घाई न करता त्वचा ताणून, थोडा दाब वाढवून पुन्हा चाचपावे. सपाट, टणक पृष्ठभागच लागत असेल आणि पडदा सापडत नसेल, तर पोर्ट उलटल्याची शंका घ्यावी. तेथे सुई न घालता क्ष-किरण तपासणी करून घ्यावी. लाली, सूज किंवा वेदना असल्यासही थांबावे.

जागा पक्की झाल्यावर त्वचा क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने स्वच्छ करून पूर्ण सुकू द्यावी. निर्जंतुक हातमोजे घातलेल्या, कमी सरावाच्या हाताच्या अंगठ्याने व दोन बोटांनी पोर्टची कडा तीन बाजूंनी घट्ट धरावी, म्हणजे तो सरकत नाही, आणि मधल्या मोकळ्या जागेत ह्युबर सुई (पडद्याचा तुकडा न कापणारी खास सुई) त्वचेला काटकोनात धरून पोर्टचा तळ लागेपर्यंत सरळ आत न्यावी. साधी सुई पडद्याचा तुकडा कापते, म्हणून ती येथे कधीही वापरू नये. सुई तळाला टेकल्यावर ती फिरवू किंवा तिरपी करू नये.

दहा मिलिलिटरच्या सिरिंजने रक्त मागे ओढून पाहावे आणि मग सलाइन सोडावे. रक्त येत नसेल किंवा सलाइन सोडताना सूज अथवा जळजळ जाणवत असेल, तर औषध मुळीच देऊ नये. विशेषतः ऊतींना इजा करणाऱ्या कीमोच्या औषधांबाबत येथे सवलत घेणे धोक्याचे ठरते. पोर्ट हाताला लागतच नसेल, तर अंदाजाने वारंवार टोचण्यापेक्षा सोनोग्राफीची मदत घ्यावी.