तुमचा ओपन सोर्स प्रोजेक्ट कंपनीने विकत घेतला, तर आधी काय कराल?

बातमी आली की पहिल्या दिवशी संतापाच्या पोस्टी लिहू नका. त्या दिवशी बॅकअप घ्या.

मी हे ठेच लागून शिकले. एका छोट्या एडिटरच्या मेनूंचं मराठी भाषांतर मी रात्री बसून करायचे. प्रोजेक्ट विकला गेला, भाषांतराचा सर्व्हर बदलला आणि फक्त त्या सर्व्हरवरच असलेल्या माझ्या दोन वर्षांच्या ओळी गेल्या. कोडला कुणी हातही लावला नव्हता!

म्हणून रिपॉझिटरीचा, म्हणजे कोडच्या साठ्याचा, मिरर क्लोन (संपूर्ण प्रत) घ्या, सगळ्या शाखा आणि टॅग येतील. इश्यू (नोंदवलेल्या अडचणी) आणि पुल रिक्वेस्ट (बदल सामील करण्याच्या विनंत्या) यांवरची चर्चा त्यात येत नाही, ती एपीआयने, म्हणजे प्रोग्रामने माहिती काढायच्या सोयीने, वेगळी उतरवा. भाषांतराच्या पीओ फाइली (मूळ ओळ आणि तिचं भाषांतर असलेल्या) आणि शब्दसूचीही स्वतःच्या मशीनवर ठेवा.

मग नाव कुणाचं आहे ते बघा. लोक इथेच गाफील राहतात. हडसन हे सन या कंपनीत जन्मलेलं बिल्ड टूल, म्हणजे कोड आपोआप बांधून तपासणारं साधन. २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतल्यावर सर्व्हर कुठे असावा यावरून वाद पेटला आणि ओरॅकलने नावावर हक्क सांगितला. कोड खुला होता, तो घेऊन जायला कुणाची आडकाठी नव्हती. नाव मात्र नेता येईना. जानेवारी २०११ मध्ये समुदायाने मत दिलं: नाव बदलावं, २१४ विरुद्ध १४. तेच आजचं जेन्किन्स. तेव्हा ट्रेडमार्क, डोमेन आणि पॅकेज रजिस्ट्रीचं (जिथून लोक तयार पॅकेज उतरवतात त्या साइटचं) खातं कुणाच्या नावावर आहे, हे आधीच लिहून ठेवा.

लायसन्सबद्दल घाबरून जाऊ नका. जी आवृत्ती खुल्या लायसन्सखाली बाहेर आली, ती खुलीच राहते. बदलतं ते पुढचं. हॅशिकॉर्प कंपनीने २०२३ मध्ये सर्व्हर उभारायच्या टेराफॉर्म या टूलचं लायसन्स बदललं (आयबीएमने कंपनी घेण्याच्या आधीच), तेव्हा एमपीएल या खुल्या लायसन्सखालच्या जुन्या कोडवरूनच ओपनटोफू हा वेगळा प्रोजेक्ट उभा राहिला. असा बदल कंपनीला सहज करता येतो का, हे बरंचसं तुम्ही सही केलेल्या सीएलएवर, म्हणजे तुमच्या कोडचे हक्क प्रोजेक्टच्या मालकाला देणाऱ्या करारावर, ठरतं. सीएलए नसेल, कोड जीपीएलखाली (बदललेला कोड वाटतानाही खुलाच ठेवायला लावणाऱ्या लायसन्सखाली) असेल आणि कॉपीराइट शेकडो जणांत विखुरलेला असेल, तर प्रत्येकाची संमती मिळवावी लागते. जुन्या ईमेलमध्ये ती सही शोधाच.

फोर्क, म्हणजे कोड घेऊन वेगळा प्रोजेक्ट, एकट्याने करू नका. २८ सप्टेंबर २०१० ला ओपनऑफिसमधून लिबरऑफिस निघालं आणि टिकलं, कारण अनुभवी डेव्हलपर एकत्र बाहेर पडले आणि नाव सांभाळायला द डॉक्युमेंट फाउंडेशन होतं. रोज पॅच (लोकांनी पाठवलेले कोडमधले बदल) तपासणारी तीन-चार माणसं नसतील तर थांबा. कधीकधी खरेदीमुळे रात्री जागून प्रोजेक्ट सांभाळणाऱ्या मेंटेनरला पहिल्यांदाच पगार मिळतो, हेही खरं आहे आणि मला त्याचा आनंदच होतो. बाहेरच्यांच्या पॅचला उत्तरं येतात का, ते मर्ज कोण करतं (मुख्य कोडमध्ये कोण घेतं), एवढं काही महिने बघा.

दरम्यान जाहीर इश्यू उघडून नव्या मालकाला विचारा: लायसन्स तेच राहणार का, मर्जचा अधिकार कुणाकडे, भाषांतराचा सर्व्हर कधीपर्यंत चालू? उत्तर येईपर्यंत नव्या सीएलएवर सही करू नका.