बाथरूमच्या भिंतीवरच्या पोकळ टाइल्स: असं दुरुस्त केलं

शॉवरखालच्या ३०० × ६०० मिमीच्या व्हिट्रिफाइड टाइल्स नाण्याने ठोकल्यावर पोकळ वाजत होत्या. एक काढली तर सिमेंटचा माल पूर्ण भिंतीवर, टाइलची पाठ मात्र कोरी! व्हिट्रिफाइड टाइल ०.५ टक्क्याहूनही कमी पाणी शोषते, म्हणून नुसती सिमेंटची स्लरी (पातळ घोळ) तिला धरत नाही. गवंडी चार कोपऱ्यांत गोळे लावून बसवत असेल तर तिथेच थांबवा. मागे पोकळी राहते, त्यात पाणी साचतं.

आधी ग्राउट (टाइल्सच्या सांध्यांतलं भरण) कापून घेतलं, म्हणजे शेजारची टाइल तडकत नाही. जुना माल छिन्नीने काढून प्लास्टर सपाट केलं आणि पूर्ण वाळू दिलं. टाइलच्या पाठीवर कारखान्यातली पांढरी पूड असते, ती ओल्या फडक्याने पुसायलाच हवी. निम्म्या टाइल्स याच पुडीमुळे सुटतात, असं माझं ठाम मत आहे.

अ‍ॅडहेसिव्ह (टाइल चिकटवायची पाण्यात कालवायची पूड) भारतीय मानक आयएस १५४७७ चं, त्यातला टाइप २. पाणी पिशवीवर लिहिलंय तेवढंच. घट्ट झालं म्हणून वरून पाणी घालू नका. भिंतीवर ८ मिमी खाचांच्या थापीने एकाच दिशेने ओढलं, टाइलच्या पाठीवरही पातळ थर दिला. एका वेळी दोन-तीन टाइल्सपुरतंच पसरा, वर साय धरली की पकड गेली.

पहिली टाइल बसवून लगेच उचलून बघा: पाठ जवळजवळ पूर्ण भरलेली दिसली पाहिजे. सांध्यांत सारखं अंतर राहायला २ मिमी स्पेसर, २४ तासांनी इपॉक्सी ग्राउट. भिंत आणि जमिनीच्या कोपऱ्यात ग्राउट नको, सिलिकॉन भरा.